साडेसहाची नोंद

सुमय्या पठाण खुर्चीत बसली नाही. पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला.

"आपा, मी खोटे आकडे लिहिले असं यात म्हटलंय. मी लिहिले नाहीत."

शमशाद काझींनी कागद उलगडला. वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधल्यावर त्यांनी रोशन गेटजवळ स्वतःची पाटी लावली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांचा जोडीदार सखाराम खरात बसला होता, निवृत्त हवालदार. तीस वर्षांच्या नोकरीत त्याला जे जमलं नाही ते ही बाई चहा संपेपर्यंत करून दाखवायची. तेव्हा त्याला आधी कौतुक वाटे आणि मग बारीकसा हेवाही.

"आधी बस. सुरुवातीपासून सांग."

"पिशोरच्या रस्त्यावर गिरिजा विमानतळ आहे. छोटाच. वैमानिकांची शाळा, आणि कधीमधी रुग्णाला न्यायला येणारं विमान. मी तिथं हवामान निरीक्षक. दर अर्ध्या तासानं तापमान, वारा, किती लांबचं दिसतं ते मोजून पाठवायचं. त्यावर अंदाज निघतो, अन् उतरायचं का नाही ते वैमानिक ठरवतो."

"हे सगळं यंत्रावर होत नाही?"

"यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलंय. म्हणून जुनी पद्धत. जाळीच्या पांढऱ्या पेटीत दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत. पाणी उडतं, म्हणून ओल्याचा पारा खाली राहतो. हवा कोरडी, तेवढा फरक जास्त. फरकच नसला तर हवा ओलीचिंब, म्हणजे धुकं धरणार."

"मग शनिवारी काय झालं?"

"सहाला श्रेयाकडून चार्ज घेतला. तिची नोंद होती अकरा अन् आठ. साडेसहाला मी बघितलं, दोन्ही अकरा. सातलाही सारखेच. टॉर्च मारून बाटली बघितली, पाणी भरलेलं. पूर्वेकडचं धावपट्टीचं टोक पुसट झालं होतं. मी 'धुकट' लिहिलं. धुकं दाटणार असा अंदाज गेला. सव्वासातला रुग्णाचं विमान डोक्यावर आलं आणि वळून गेलं."

"पुढं?"

"साडेसातला पेटी उघडली, तर पुन्हा तीन अंशांचा फरक. आठला आभाळ लख्ख. आमचे प्रमुख ढवळे सर म्हणतात, हवा अर्ध्या तासात अशी वाळत नाय, आधीचे आकडे तू खुर्चीत बसून लिहिले."

"रुग्ण कोण होता?"

सुमय्याचा आवाज खाली गेला. "जुनेद. चोवीस वर्षांचा. पिशोरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मनगटापासून हात तुटला. तुटलेला हात बर्फात ठेवून मुंबईला न्यायचा होता. विमान परत यायला तीन तास गेले. हात बसला नाय."

सुमय्याने टेबलावरच्या कागदाची पुन्हा घडी घातली.

"मी पुण्याला जाणार होते, अंदाज शिकायला. एकच जागा होती. तेही थांबवलंय."

"तू कोणाच्या डोळ्यात खुपत होतीस?"

सुमय्या कसनुसं हसली. "कोणाच्या नाय, ते विचारा."

विमानतळाचे हवामान प्रमुख अप्पाराव ढवळे चार महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांनी दोघांना स्वतः पेटीपाशी नेलं आणि चावीने दार उघडून दाखवलं.

"मीच शिकवलं तिला. पारा कसा वाचायचा, ढग कसा ओळखायचा. लई हुशार पोरगी. वैमानिक रेडिओवर विचारतात, 'आज सुमय्या मॅडम आहेत का?' दिवाळीला तिच्या नावानं मिठाई येते." त्यांनी दार लावलं. "एकतीस वर्षं आकडे पाठवतोय मी. माझं नाव एकानंही विचारलं नाय. असो."

"शनिवारी तुम्ही कधी आलात?"

"घर बजाजनगरला. वीस मिनिटं कमी आठला टॉवरवरनं फोन आला, तसा निघालो. साडेआठला इथं. आल्या आल्या पेटी उघडली. बाटली भरलेली, फडकं पांढरंशुभ्र अन् भिजलेलं. यंत्रणेत दोष नाय, तसा अहवाल दिला."

"पण धावपट्टी पुसट दिसत होती, असं टॉवरही म्हणतं."

"दिसणारच की! वीटभट्टीवाल्यानं टायरं जाळली होती, त्याचा धूर. धुकं अन् धूर यातला फरक जिला कळत नाय, ती पुण्याला जाऊन काय दिवे लावणार?" बोलता बोलता त्यांचे कान लाल झाले होते.

परतताना सखाराम म्हणाला, "मॅडम, माणूस दुखावलाय. पण शिष्या चुकली की गुरूला वाईट वाटणारच."

"वाटतं हवालदार. पण एवढं?"

कडुबा चव्हाण हा कार्यालयातला मदतनीस. पेटीची दुसरी चावी त्याच्याकडे असे.

"फडकं दर सोमवारी बदलतो बाई. आठवडाभर इथली माती उडती, पिवळं पडतं. उकळून ठेवलेली फडकी कपाटात हायेत. पण या सोमवारी बदलायचं कामच पडलं नाय, नवंच दिसत व्हतं."

"शनिवारी सकाळी कुठं होतास?"

"धावपट्टीवर रोही शिरले व्हते, नीलगाई. आगीच्या गाडीवर बसून हाकत व्हतो, सहापासून पावणेआठपर्यंत. दोघं अजून व्हते संगं." तो घुटमळला. "एक सांगू? सुमय्याबाईचा घरवाला दिसला. तारेच्या बाहेर, झाडाआड उभा."

सखारामने शमशाद काझींकडे विजयी नजर टाकली.

श्रेया तुपे, रात्रपाळीची निरीक्षक, शहरात घरीच भेटली. सहा वाजून पाच मिनिटांनी ती ऑफिसच्या जीपमध्ये बसली होती. चालक साक्षीला होता.

"पुण्याची जागा मला हवी होती," ती सरळच म्हणाली. "तिचं नाव आलं त्या दिवशी मी जेवले नाही. तिनं पेढा दिला, तो मी पदराखाली दडवून बाहेर टाकला. पण सहाची नोंद मी खरी लिहिली. हवं तर शपथ घेते."

"पेटीची चावी?"

"पाळीवरच्या माणसाकडे राहते. मी ती सुमय्याच्या हातात दिली. बाकी दोन कडुबाकडे आणि सरांकडे."

सुमय्याचा नवरा सरफराज रोज तिला मोटारसायकलवर सोडायचा. झाडाआड उभा होता हे त्याने लगेच कबूल केलं. मग मान खाली घातली.

"ती खिडकीत बसून रेडिओवर बोलते. घरी माझ्याशी चार शब्द बोलते दमून, तिकडं त्या कॅप्टनशी हसते. ते बघायला थांबायचो. मला ती पुण्याला जायला नकोच होती. पण तिचं नुकसान..." त्याने जीभ चावली. "तोबा. पेटीत काय असतं ते पण मला ठाऊक नाही."

"तिथं उभा असताना काही दिसलं?"

"नाही. माझी नजर खिडकीवरच होती."

गाडीत बसल्यावर सखाराम म्हणाला, "हाच मॅडम. तारेवरून उडी मारली असंल."

"आणि कुलूप? चला, वीटभट्टीवर जाऊ."

भट्टी धावपट्टीच्या पूर्व टोकाला, कुंपणापलीकडे होती. मालक सांडू गायके विटांच्या थप्पीवर बसला होता.

"टायरं? फक्त शनिवारी जाळली ताई. लाकूड ओलं व्हतं. पहाटं टाकली अन् सातला पोलीस पाटील बोंबलला म्हणून विझवली. परत लावली नाय."

"धूर कुठवर गेला?"

"त्या कुंपणाआतल्या पंपाच्या खोलीपर्यंत. रबराचा असा वास सुटला का नाकाला रुमाल बांधावा लागला. पण साडेसातला वारं फिरलं, काही उरलं नाय."

"हे कोणाला सांगितलं?"

"कोणी इचारलंच नाय. तुम्हीच पहिल्या."

शमशाद काझी थोडा वेळ पंपाच्या खोलीकडे पाहत राहिल्या. तिथून हवामान कार्यालय धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, खेळण्यातलं असावं एवढं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्या कार्यालयात जमले. शमशाद काझींनी पिशवीतून दोन थर्मामीटर, दोन पेले आणि मलमलीच्या दोन पट्ट्या काढल्या.

"ही साधी पट्टी. ही मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवून वाळवलेली. दिसायला सारख्याच. दोन्ही थर्मामीटरना बांधून टोकं पाण्यात सोडते."

दहा मिनिटांनी साध्या पट्टीचा पारा उतरला होता. मेणाच्या पट्टीचा जागचा हलला नव्हता.

"मेणावर पाणी चढत नाही," त्या म्हणाल्या. "थर्मामीटर कोरडाच राहतो, आणि टॉर्चच्या उजेडात बाटली मात्र भरलेली दिसते. सुमय्यानं जे पाहिलं तेच लिहिलं."

"हा नुसता तर्क झाला," अप्पाराव म्हणाले.

"तसं नाही. फडकं सोमवारी बदलतात, म्हणजे शनिवारी ते पिवळं हवं होतं. तुमच्याच अहवालात ते पांढरंशुभ्र आहे. पुढच्या सोमवारीही कडुबाला ते नवं दिसलं. म्हणजे शनिवारी सकाळी कोणीतरी फडकं बदललं. सहानंतर मेणाचं घातलं आणि साडेसातच्या आत ते काढून चांगलं घातलं. त्या माणसाकडे चावी हवी, आणि दोन्ही वेळा तो इथं हवा. श्रेया सहालाच गेली. कडुबा दोघांसोबत रोही हाकत होता. सरफराजकडे चावी नव्हती."

"मी बजाजनगरला होतो."

"मग टायरं तुम्हाला कशी कळली, अप्पाराव?"

अप्पारावांची नजर दाराकडे गेली.

"सुमय्यानं 'धुकट' लिहिलं. टॉवरनंही धुकंच समजलं. कागदावर धूर कुठंच नाही. सातला टायरं विझली, साडेसातला धूर गेला, आणि तुम्ही आलात साडेआठला. सांडूला कोणी विचारलं नाही. रबराचा वास फक्त पंपाच्या खोलीपर्यंत येत होता. सकाळी जो तिथं उभा होता त्यालाच तो आला. तुम्ही गप्प बसला असतात तर मला सापडला नसतात. पण तिच्यापेक्षा मला जास्त कळतं, हे दाखवल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही."

अप्पारावांनी मेणाची पट्टी हातात घेतली.

"शाळेची विमानं तासभर थांबतील, एवढंच वाटलं होतं," ते अखेर म्हणाले. "तिच्या नावावर एक काळा शेरा. बस. रुग्णाचं विमान येणारंय हे मला ठाऊक नव्हतं. पंपाच्या खोलीआड लपलो होतो, आवाज आला तेव्हा कळलं. पळत येऊन फडकं बदललं."

"विमान तेव्हा कुठं होतं?" सुमय्याने विचारलं.

"वळत होतं."

"तुमच्याकडं फोन होता. टॉवरला एक फोन केला असता, तर ते उतरलं असतं."

"व्हय."

"का नाय केला, सर?"

"सापडलो असतो."

सखारामने खिडकीबाहेर पाहिलं. या माणसाचा राग यायला हवा होता. तसा तो आलाही. पण त्या रागाखाली आणखी काहीतरी ओळखीचं होतं, आणि तेच त्याला सहन होईना.

शमशाद काझींनी कोरा कागद पुढे सरकवला. अप्पारावांनी कबुलीजबाब लिहून सही केली. मग सुमय्याने तोच कागद ओढून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: धूर ओळखायला मी पूर्व टोकापर्यंत गेले नाही, ही चूक माझी.

"हे लिहायची गरज नव्हती, बेटा," शमशाद काझी म्हणाल्या.

"खरं आहे ते, आपा." ती उठली. "सर, चला. जुनेदच्या घरी."

"मी काय सांगू त्याला?"

"आत्ता आम्हाला सांगितलं तेच."

जुनेदचं घर पिशोरच्या बाजारामागे होतं. तो दारातल्या खाटेवर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. आईने पाणी आणलं. अप्पाराव उभ्यानेच बोलले, तुटक तुटक, पण काही लपवलं नाही. आईच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं.

जुनेदने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने एकच गोष्ट विचारली.

"म्हणजे सकाळी पहिल्यांदा ते विमान खरंच आलं होतं? दवाखान्यात मला आवाज आला होता. मी अम्मीला म्हटलं, आलं बघ. सगळे म्हणले, तुला तापात भास झाला."

 अप्पाराव तिथेच जमिनीवर खाली बसले.