गोष्टीला हुंकार

स्टुडिओचं जाडजूड दार ढकलून ती आत आली, तेव्हा टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"जरा लवकर आटपता का?" ती पायांना म्हणाली. "रेकॉर्डिस्ट येतीलच इतक्यात."

"ते आलेत," पाय म्हणाले. "टेबल करकरतंय, म्हणून खाली चिंधी लावतायत."

मग केसांत धूळ आणि तोंडभर हसू घेऊन रेकॉर्डिस्ट बाहेर आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मात्र काही मनावर घेतलं नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून तेही उतरवून त्याने बाहेर नेऊन ठेवलं.

ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. मुलं तिला गोष्टबाई म्हणायची, कारण तिच्या तासाला नवा शब्द कधी एकटा यायचा नाही, गोष्टीचं बोट धरूनच यायचा. एकदा नुसतंच 'पोटात गोळा येणे' फळ्यावर लिहिलं, तर एका मुलाने पोट दाबून घरी जायची परवानगी मागितली. तेव्हापासून तिने जुन्या गोष्टींत वाक्प्रचार पेरायला सुरुवात केली होती. राजकन्या विहिरीत पडली, की पोटात गोळा येतो म्हणजे काय ते वर्गात कुणाला विचारावं लागत नसे. आता एका प्रकाशनाला त्या गोष्टी रेकॉर्ड करून शाळाशाळांत पाठवायच्या होत्या. प्रकाशनाच्या मॅडमनी मात्र स्पष्ट सांगून टाकलं होतं, तुमचं सांगणं रेकॉर्डिंगमध्ये रंगलं नाही, तर हीच संहिता एका नाटकातल्या बाईंकडून वाचून घेऊ. त्या बाई सुरेख वाचतील यात शंका नव्हती. पण वाचतील. आणि वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडाकडे बघत घडवलेली गोष्ट कुणी नुसती वाचावी, हे तिच्या जिवावर आलं होतं.

पहिल्याच दिवशी तिचं पाणी जोखलं गेलं. खोली एवढीशी, मधे मायक्रोफोन, कोपऱ्यात त्याचं यंत्र आणि त्याची पाठ. मायक्रोफोनला ना डोळे होते ना भुवया. तिचा राक्षस सुट्टीची सूचना वाचून दाखवल्यासारखा बोलू लागला.

त्याने कानांवरचे हेडफोन काढले. "कुणाला सांगताय?"

"कुणालाच नाही… तीच तर पंचाईत आहे."

तो स्टूल ओढून तिच्यासमोर येऊन बसला. म्हणाला, मला सांगा. मला एकही गोष्ट येत नाही, आमच्या घरी सांगायला कुणी नव्हतं. बोलला हसत हसतच, पण ते तिच्या मनाला लागलं.

आणि गोष्ट जी सुटली! त्याच्या भुवया वर गेल्या की तिचा आवाज चढायचा, तो पुढे झुकला की ती मुद्दाम हळू व्हायची. आठवडाभर शाळा सुटली की ती धावत यायची, आणि रोज एक गोष्ट व्हायची. संपली की चहा, आणि चहाबरोबर तो स्वतःच शाळकरी व्हायचा.

"आजचा माझा वाक्यात उपयोग ऐका," तो म्हणायचा. "मी दुपारपासून डोळ्यांत तेल घालून एका बाईंची वाट बघतो."

"चूक. डोळ्यांत तेल घालून राखण करतात. वाट डोळ्यांत प्राण आणून बघतात."

"मग… तसं."

कप खाली ठेवायला तिला उगाचच फार वेळ लागला.

शेवटच्या दिवशी त्याने सगळं रेकॉर्डिंग सलग लावलं, आणि त्याचा चेहरा पडला. प्रत्येक गोष्टीत तो होता. कुठे "हं", कुठे "अरे बापरे", कुठे श्वास रोखून विचारलेलं "मग?" घड्याळाची टिकटिक चालू न देणारा माणूस गोष्टभर हुंकार देत बसला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. ही गोष्ट बाहेर फुटली तर धंद्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं तो म्हणाला, आणि बसून एकेक हुंकार कापून काढला.

मॅडमनी स्टुडिओत येऊन ते साफसूफ रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही मधेमधे थांबता कशाला? कुणीतरी बोलायचं राहिल्यासारखं वाटतं. बरं, आता माझ्यासमोर सांगा बघू."

त्याने मायक्रोफोन सुरू केला. ती सांगू लागली, पण मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि तो पाठमोरा बसला होता. तिचा राक्षस पुन्हा सुट्टीची सूचना वाचू लागला. मॅडमनी समजुतीने मान हलवली आणि नाटकातल्या बाईंना फोन लावायला घेतला. खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं तर त्याची शोभा झाली असती, म्हणून ती गप्प राहिली.

"मॅडम, एक मिनिट," तो म्हणाला. "दोष माझा आहे. मूळचं ऐका."

त्याने न कापलेली गोष्ट लावली. राजकन्या अंधाऱ्या विहिरीत होती. "हं…" मग तोंडाने काढलेला पाण्याचा आवाज. "मग?" मग राजकन्येने काठाकडे बघून हाक मारली, "कुणी आहे का?" आणि स्पीकरमधून त्याचा आवाज आला, अगदी हळू — "आहे ना."

त्या दिवशी त्या दोन शब्दांपाशी ती पुढचं वाक्य विसरली होती. ती विसरल्याची शांतताही तशीच ऐकू आली.

मॅडमनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि फोन पर्समध्ये टाकला. "हेच जाईल. जसंच्या तसं."

"ते… 'आहे ना'सुद्धा?" त्याने विचारलं.

"ते काढलंत तर गाठ माझ्याशी आहे," असं म्हणून त्या हसू दाबत निघून गेल्या.

जाड दार बंद झालं. खोलीत आवाज म्हणून उरला नाही.

"मी… गोष्टीच्या भरात बोलून गेलो," तो वायर बोटाला गुंडाळत म्हणाला.

"गोष्टीच्याच भरात?"

त्याने वायर खाली ठेवली. "नाही."

तिने मनात शोधून पाहिलं. एरवी जिभेवर दहा वाक्प्रचार तयार असायचे, आता एक सापडेना. शेवटी तिसरीतली पोरं सांगतात तसं तिने सांगून टाकलं, "मला तुम्ही आवडता."

त्याने हुंकार दिला नाही. तो उठला, तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि आधी मायक्रोफोन बंद केला. लाल दिवा विझला.

"हे शाळाशाळांत जायला नको," तो म्हणाला. "आता पुन्हा सांगा… फक्त मला."

तिने सांगितलं.