एका खड्यातले शनी-गुरू

"आत्याच्या साखळीत खडाच नाही!" मुक्ता धापा टाकत काशीच्या ब्रह्मा घाटावर निनादकडे आली.

शरदिनीआत्याचा तो खडा म्हणजे मोठी गंमत होती. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, आणि मध्ये जोड म्हणून नाही! आतोबांनी लग्नानंतर आणलेला. आतोबा गेले, पण रोज संध्याकाळी नावेत बसून खडा आभाळासमोर धरायची आत्याची सवय सुटली नाही. मुक्ता आणि निनाद दर सुट्टीत नागपूरहून यायचे ते अर्धे त्यासाठीच. आज मात्र आत्या रिकामी साखळी घेऊन रडत बसली होती. "गंगेत पडला गं," एवढंच म्हणत होती.

"पडला कसा? मी साखळी बघितली. कडी तुटलेली नाही, कुणीतरी नीट उघडलीय!" मुक्ता म्हणाली.

आत्याचे धाकटे भाऊ, भटजी वेणीमाधवकाका, यांची मुलगी अवनी एकदम ओरडली, "अरे यार! बाबा काल म्हणत होते, जांभळा शनीचा, पिवळा गुरूचा. एका खड्यात दोघं भांडतात, म्हणून आत्या सारखी आजारी पडते. आणि आत्ताच ते दशाश्वमेध घाटावरच्या खडेवाल्याकडे निघालेत!"

"म्हणजे दोन तुकडे करणार? पळा!" निनाद म्हणाला.

काका गल्लीतून निघाले की दर वळणावर एक यजमान आणि एक पान! मुलांनी मोटरची नाव गाठली. "भैया, दशाश्वमेध! जल्दी!"

काका पोचले तेव्हा तिघं दुकानाच्या पायरीवर बसलेली! काकांनी हातातली खड्याची पुडी घट्ट धरली.

"बाबा, एक सवाल," अवनी म्हणाली. "नवग्रहांच्या पूजेत शनी आणि गुरू कुठे मांडता?"

"एकाच चौरंगावर. आणखी कुठे?"

"मग तिथे भांडतात?"

"छे! उगीच कशाला भांड..." काकांचं लक्ष हातातल्या पुडीकडे गेलं.

"पंडितजी, काटें? दो टुकडे?" खडेवाल्याने विचारलं.

"नको... नहीं, रहने दीजिए."

घरी येऊन काकांनी पुडी आत्यापुढे ठेवली. "ताई, चुकलं. तुझी काळजी वाटत होती, पण तुला विचारलं नाही."

"वेण्या, सकाळपासून मला रडवलं ते शनीने की गुरूने?" आत्याने विचारलं, आणि सगळे खो खो हसले. मग तिने तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे माझ्या पोरांनो! हे असते तर तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचले असते."

संध्याकाळी सगळेच नावेत बसले. आत्याने खडा आभाळासमोर धरला. एका बाजूला मावळतीचं पिवळं ऊन, दुसरीकडे रात्रीची जांभळी चाहूल. तिला आतोबांची फार आठवण आली, आणि ती तसं म्हणालीही.

काका तिच्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी त्यात नुसते ग्रहच बघत आलो. जरा मलाही दाखव ना."