सहाव्या लेव्हलचा खड्डा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणं हे माझं काम नाही. मी गेम बनवतो, तोही एकटाच, घराच्या मागच्या खोलीत. आईच्या मते हा शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे. पण तुम्ही विचारलंच आहे, तर बसा जरा. हे दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी घडलं, आणि सुरुवात एका साध्या फोनने झाली.

फोन कासवाचा होता. कासव माझा मित्र. माझा गेम लोकांपुढे जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका काढतो. सावकाश खेळतो म्हणून हे नाव पडलं, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

"सहाव्या लेव्हलला अडकतंय," तो म्हणाला. "खड्ड्यात पडलं की तीन सेकंद काहीच होत नाही."

"शक्य नाही."

नव्हतंच शक्य. माझ्या गेमची सगळी गंमतच त्यात होती. लहानपणी खेळायचो तसलाच गेम, ठिपक्याठिपक्यांचा एक छोटा गडी, विटांवरून उड्या मारत डावीकडून उजवीकडे पळणारा. फक्त वेग तिप्पट. आणि पडलात तर पापणी लवायच्या आत पुन्हा तिथेच उभे, थांबायचं नावच नाही. मी सगळा कोड दोनदा चाळून काढला. ते तीन सेकंद मी कुठेच लिहिलेले नव्हते.

"राहू दे की," कासव म्हणाला. "बरं वाटतं ते. शेजारच्याच्या हातात पॅड द्यायला वेळ दिल्यासारखं."

मी फोन ठेवला.

आमच्या घरी गेम खेळायचं बटणांचं पॅड एकच होतं आणि खेळणारे दोघं. ताई बारा वर्षांची, मी नऊचा. नियम तिनेच केलेला, खड्ड्यात पडलं की मुकाट्याने पॅड द्यायचं. सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून आम्ही जमिनीवर बसायचो. टीव्हीची काच तापली की धुळीचा वास यायचा, आणि आतून आई म्हणायची, डोळे फोडून घ्या एकदाचे. ताईची एक खोड होती. प्रत्येक उडीआधी ती दोन पावलं मागे यायची, मग पळत जाऊन उडी. मी चिडवायचो, "म्हातारे, आज पोचशील का?" ती म्हणायची, "तू बघ रे छोट्या." आणि पोचायची. खोटं कशाला बोलू, तसं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही. हा गेम बनवायला घेतला तोही त्यासाठीच.

सहावी लेव्हल मी आठवणीतून उभी केली होती. शेवटच्या दुपारी आम्ही तिथेच होतो, त्याच खड्ड्यापाशी. ताईला चार दिवस ताप होता. आई सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघत होती, म्हणून मीही लावून पाहिला आणि चटकन काढून घेतला. तरी ती उशी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी खड्ड्यात पडलो तेव्हा ती पाण्याचा पेला घ्यायला वळली होती. मी पटकन बटण दाबून गडी पुन्हा उभा केला.

"पडलास ना? दे."

"कुठे पडलो? अजून माझीच टर्न आहे."

तिने माझ्याकडे जरा बघितलं. बाबा तिला दवाखान्यात न्यायला दारात उभे होते. "बरं," ती म्हणाली, "आल्यावर दे."

ती आलीच नाही. तिने मला पडताना पाहिलं होतं की नाही, हे मी तीस वर्षं स्वतःला विचारत आलोय.

तर कासवाचा फोन आला त्या दुपारी मी कपाटातून ते जुनं पॅड काढलं. त्याची वायर तुटलेली आहे, ते आता कशालाच जोडता येत नाही. शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. आपण हे काय करतोय म्हणून लाज वाटत होती, तरी केलं. सहावी लेव्हल लावली आणि मुद्दाम खड्ड्यात पडलो.

एक. दोन. तीन.

"घे ताई," मी म्हटलं. "तुझी टर्न राहिली होती..."

माझे दोन्ही हात मांडीवर होते. गडी उभा राहिला. दोन पावलं मागे आला... आणि पळत सुटला.

खोलीत तापलेल्या काचेचा वास आला. माझा स्क्रीन नवा आहे, तो तापत नाही. शेजारच्या खुर्चीवरून जुन्या बटणांची टकटक ऐकू येत होती... मी मान वळवली नाही. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त आनंद झाला होता, आणि मी लहान पोरासारखा रडत होतो. किती छान खेळत होती ती. प्रत्येक उडीआधी तीच दोन पावलं मागे.

मग एका उडीत ती चुकली. गडी खड्ड्यात गेला. जुन्या सवयीने मी स्क्रीनवरची नजर न काढता हात बाजूला पुढे केला.

तीन सेकंद लागले नाहीत. एकही लागला नाही. गडी पापणी लवायच्या आत उभा राहिला आणि पुढे निघाला.

"ताई..." मी हळूच म्हटलं. "पडलीस तू... मी पाहिलं."

टकटक थांबली नाही.

म्हणजे तेव्हा तिने मला पडताना पाहिलं होतं.

"चुकलो मी," मी म्हटलं. अंधार पडेपर्यंत म्हणत राहिलो. ती खेळत राहिली, आणि माझा हात तसाच पुढे होता.

गेम मी बाहेर काढला नाही. कासव अजून विचारतो, मी काहीतरी थाप मारतो. कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली आहे. पॅड मात्र त्याच खुर्चीवर आहे. दोनतीनदा उचलायला गेलो... आणि दर वेळी चटकन हात काढून घेतला. ते गरम आहे. आमच्या शेवटच्या दुपारी तिचं कपाळ होतं, तितकंच. आज सकाळीही पाहिलं, ताप उतरलेला नाही.