फिरदोस वाट चुकली

फिरदोसची कयाक चिखलात रुतली, तेव्हा मैत्रिणींचा घोळका नेमका कुठल्या वळणावर दिसेनासा झाला हे तिला आठवतच नव्हतं. नोव्हेंबर लागला होता. उकाडा सरल्यावरच्या पहिल्या गार शनिवारी शारजाच्या फार्मसीतल्या सगळ्याजणी उम्म अल कुवैनच्या खाडीत वल्हवायला आल्या होत्या. पाणी हिरवं, झाडी हिरवी, आणि प्रत्येक वाट अगदी दुसरीसारखी!

"मॅडम, नीचे मत उतरना!"

तिने दचकून वल्हं मारलं. कयाक आणखी रुतली.

"या अल्ला, आता काय करू?"

"मराठी?" मागच्या कयाकमधला तरुण हसला. "मग मराठीत सांगतो. उतरू नका, गुडघाभर चिखल आहे. ओहोटी लागलीय."

तो यहया. मूळचा जयगडचा. आठवडाभर इथल्या वर्कशॉपमध्ये बोटी दुरुस्त करायचा आणि शनिवारी लोकांना खाडीत फिरवायचा. तिची कयाक त्याने ओढून काढली, दोरीने आपल्या कयाकला बांधली.

"ही तिवरं बघितली की गावी असल्यासारखं वाटतं."

"आम्ही श्रीवर्धनचे. पण मी इथेच वाढले. मला सगळी झाडं सारखीच दिसतात."

"आणि माणसं?"

हा चेष्टा करतोय की खरंच विचारतोय? तिला कळेना.

पुढे उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे होते. यहयाने वल्हं थांबवलं. "श्श..." तो पक्ष्यांकडे बघत राहिला, ती त्याच्या उन्हाने रापलेल्या मानेकडे. तो वळला, तशी तिने घाईघाईने नजर पाण्याकडे वळवली. हे काय चाललंय माझं?

कारण आज संध्याकाळपर्यंत तिला उत्तर द्यायचं होतं. अम्मीने बहरीनचं स्थळ आणलं होतं. मुलगा शिकलेला, सालस, नाव ठेवायला जागा नाही. तीन दिवस ती 'हो' म्हणायला तोंड उघडत होती, आणि भलतंच काहीतरी बोलत होती. सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेलं हे सगळं तिने या परक्या माणसाला सांगून टाकलं.

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी? मला नाही करायचं बहरीनवाल्याशी लग्न."

ती खळखळून हसली. तो मात्र गंभीर झाला. "नाही म्हणायला दरवेळी कारण लागतंच असं नाही."

वाट फुटली तिथे तो थांबला. "डावीकडून दहा मिनिटांत किनारा. उजवीकडून अर्धा तास."

"मैत्रिणी शोधत असतील."

"हो. म्हणून डावीकडे." पण त्याचं वल्हं हललं नाही.

"मग थांबलात का?"

"तुम्ही उजवीकडे म्हणताय का, बघत होतो."

"उजवीकडे," ती म्हणाली... आणि स्वतःच चकित झाली.

किनाऱ्यावर मैत्रिणींनी एकच गलका केला. त्यांना चुकवून तिने अम्मीला फोन लावला. "अम्मी, बहरीनवाल्यांना 'नाही' म्हणून कळव... कारण? नाही गं सांगता येत. मन लागत नाही."

पलीकडून अम्मी म्हणाली, "बरं. घरी ये, बोलू."

यहया दोरी गुंडाळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी नाही म्हणून सांगितलं. तुमच्यामुळे नाही हं."

"बरं."

"म्हणजे... थोडं तुमच्यामुळे. मला काही म्हणजे काही कळत नाहीये!"

"मला तरी कुठे कळतंय?" तो खाली बघत म्हणाला. "ती उजवीकडची वाट पंधरा मिनिटांची आहे. मी हळू वल्हवत होतो."

तिचे कान तापले. वारा गार असूनही.

"पुढच्या शनिवारी याल?" त्याने विचारलं.

"येईन. पण अम्मीला घेऊन."

दोरीची गुंडाळी त्याच्या हातातून सुटली. "अम्मींना... पोहता येतं?"

"नाही. माणूस पारखता येतो."

"मग लाइफ जॅकेट मलाच लागणार," यहया म्हणाला.