पाट्यावरचं मीठ

“लाडकी परत आलीय म्हणे... सुनेला न्या...” भिकी एवढंच बोलली आणि गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं सगळं पिठात गेलं.

लाडकी माझी शेजारीण, माघात वारली. गवत कापताना एका हाताची करंगळी गेलेली. पण सून पुष्पाची गोळी तिनं आठ वर्षांत एकदाही चुकू दिली नाही. पुष्पाचं मन मधेच भरकटायचं, त्यावर डहाणूच्या डॉक्टरांनी लिथियम दिलेलं.

आता शेजारच्या घरात काय चाललंय ते मला कळू नये, हे कसं चालेल? पीठ घरी टाकलं, विरजणाचं निमित्त केलं आणि वाटी घेऊन निघाले.

वैशाखाची भर दुपार. अख्ख्या झरी पाड्यात कोंबडीसुद्धा गप्प. पुष्पाच्या ओटीवर पाय ठेवला आणि आवाज आला... घरर्... घरर्... आत कुणीतरी पाट्यावर वाटत होतं.

पुष्पा तर ओटीवरच, खांबाला टेकलेली. हात लटलट कापत होते. शब्द दारू प्यायल्यागत घसरत होते.

“आत कोण गं?”

“आत्या... मीठ वाटतात... हिराकाकू, त्या थांबतच नाहीत...”

आवाज थांबला. मी आत डोकावले. कुणी नाही. मागच्या दाराला आतून कडी. पाट्यावर ओलसर मिठाचा ढीग, आणि वरवंटा अजून डुलत होता.

तेवढ्यात तिचा नवरा सुनील आला. “मीठ? घरात खडा नाही, काकू! हिला आई दिसायला लागली. भगत म्हणाला, न्यायला आलीय, सात दिवस अळणी खाऊ घाला. सगळं मीठ मी ओढ्यात टाकलं.”

“आणि गोळ्या?”

“त्या वेळच्या वेळी. आईला शब्द दिलाय.”

भिंतीवर लाडकीनं कोळशानं दक्षा सिस्टरचा नंबर लिहून ठेवलेला. गोळीवाल्या माणसांना घरोघर भेटणारी ही नर्स. मी फोन लावला, सगळं सांगितलं.

“खाण्यात काय बदललं?”

“अळणी. सुनील म्हणतो, आज सहावा दिवस.”

सिस्टर म्हणाली, “पुढची गोळी देऊ नका. मीठ तुटलं की हे औषध अंगात साचतं, त्याचं विष होतं. गाडी पाठवते. गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.”

सुनील अडला. “एकच दिवस उरलाय, काकू. भगत चिडेल.”

“तुझ्या आईशी वीस वर्षं भांडलेय मी. भगत काय चीज आहे! उचल हिला.”

दवाखान्यात कळलं, रक्तात औषध दुपटीवर गेलेलं. तीन दिवस सलाईन. दक्षा सिस्टर उशाशीच. नवव्या दिवशी पुष्पा रिक्षातून स्वतःच्या पायांनी उतरली, तेव्हा सगळा पाडा गोळा झाला. बायकांनी तिला ओवाळलं. पांड्या भगतही आला. सिस्टरनं ओटीवर बसवून त्याला समजावलं.

“अळणीची रीत वाडवडलांपासूनची,” तो म्हणाला, “पण गोळीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.” आता कुणीही आलं की आधी विचारतो, “गोळी चालूय का? मग पहिली सिस्टर, मग मी.”

डॉक्टरांनी गोळी कमी करून पुन्हा सुरू केली. रक्त तपासायची तारीख पुष्पानं स्वतः कोळशानं भिंतीवर लिहिली.

भिकीचं निम्मं खरं निघालं. कुणीतरी आलं होतं. न्यायला मात्र नव्हतं.

पाटा मी धुऊन भिंतीला उभा केला. काल दुपारी पुन्हा वाटी घेऊन गेले, तेव्हा पुष्पानं मिठाची नवी बरणी उघडली. वरच्या मिठात हात उमटलेला. अंगठा, तीन बोटं... करंगळी नाही.

माझी वाटी पडली. पुष्पानं शांतपणे डाळीपुरतं मीठ घेतलं.

“घेतली गोळी, आत्या,” ती म्हणाली.

आतून आवाज आला... घरर्...

पाटा भिंतीला उभाच होता.