चाळीसच्या भिंगावरचं तेल

"माझ्या हातून मूल गेलं, असं सगळे म्हणतात," आलेली बाई दारातच म्हणाली. "उद्या चौकशी. नोकरी तर जाईलच, वर तुरुंगही."

वहिनींनी तिला खुर्ची दिली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वहिनी खासगी तपास करत आणि त्यांचे दीर, भावोजी, वही घेऊन मागे फिरत. वहीत सगळं उतरायचं. डोक्यात शिरायला मात्र वेळ लागायचा.

बाई रुग्णालयाच्या लॅबमध्ये अकरा वर्षं तंत्रज्ञ होती. शनिवारी सहा वर्षांच्या मुलाचं रक्त मलेरियासाठी आलं. ती एक वाजता जेवायला गेली. एक चाळीसला, तिच्या नावाने उघड्या राहिलेल्या कॉम्प्युटरवरून, रिपोर्ट गेला: जंतू नाहीत. औषध सुरूच झालं नाही. रविवारी मूल गेलं.

"दोनला आले तेव्हा मायक्रोस्कोपवर कव्हर होतं. शनिवारी आम्ही दोनलाच बंद करतो, रविवारी सुट्टी. ॲप्रन टांगला आणि घरी गेले. सोमवारी उघडताच सुपरिटेंडेंटबाईंनी मायक्रोस्कोपला सील ठोकलं."

"जेवताना कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. जिन्यात एकटीच बसले होते." तिला रडू फुटलं. "त्याची आई माझ्या दारात येऊन थुंकून गेली हो."

तासाभरात दोघं लॅबमध्ये होती. तिचा सहकारी सुया मोजत होता. "स्लाइड मी रंगवून एकला टेबलावर ठेवली आणि वॉर्डात रक्त काढायला गेलो," तो म्हणाला.

"तुमचा आकडा किती?" वहिनींनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"कसला आकडा?" भावोजी बावचळले.

"प्रत्येकाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं असतं ना, काका. मायक्रोस्कोपच्या दोन नळ्या तेवढ्या लांब करायच्या. मध्ये पट्टी असते, तिच्यावर आकडा दिसतो. ताईंचा अठ्ठावन्न. एकमेकांचे आकडे आम्हाला पाठ आहेत."

यंत्रं साफ करणारा मिस्त्री बाहेर सापडला. "शनिवारी बाराला लॅबचं यंत्र केलं," तो म्हणाला. "रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवली, भिंगं लेन्सच्या कागदाने पुसली, नळ्या पार जवळ आणून कव्हर घातलं. एकला साहेबांचं बाहेर आणून उघडलं. दोन वाजले जोडायला. जुनं धूड ते! भिंगांचा क्रमही उलटा. लहान भिंगापासून डावीकडे एक खटका दिला की थेट शंभरचं, शंभरपट दाखवणारं, तेलात बुडवायचं भिंग; जंतू त्यानेच दिसतात. लॅबच्या यंत्रावर त्याच खटक्याला चाळीसचं येतं."

"आणि चाळीसच्याला तेल लागलं तर?"

"मग बसा बोंबलत! ते कोरडंच वापरायचं. तेलात बुडालं की नुसतं धुकं."

लॅबचे प्रमुख डॉक्टर, म्हणजे साहेब, केबिनमध्ये होते. शनिवारी आपण खुर्चीवरून हललोच नाही, असं त्यांनी सांगितलं. वहिनी त्यांच्या मायक्रोस्कोपवर वाकल्या.

"सत्तर," त्या म्हणाल्या.

"असेल. माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाभोवती जमले. सुपरिटेंडेंटबाईंनी सील तोडून कव्हर काढलं.

"कुणी हात लावू नका. भावोजी, पट्टीवरचा आकडा वाचा."

भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "सत्तर."



"बाराला मिस्त्रींनी नळ्या जवळ आणून ठेवल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "नंतर एकच माणूस इथे बसला. ही बाई बसली असती तर अठ्ठावन्न दिसले असते, तिचा हा सहकारी बसला असता तर त्रेसष्ट."

"सत्तर काय माझ्या एकट्याचे आहेत?" साहेब हसले.

"म्हणून आता भिंगं बघा. शंभरचं कोरडं ठणठणीत आहे. चाळीसच्याला मात्र तेल चिकटलंय. या दोघांची सगळी नोकरी याच यंत्रावर गेली. त्यांचा हात इथे चुकायचा नाही. हात चुकला तो उलट्या क्रमाची सवय असलेल्याचा. लहान भिंगाने जागा शोधली, तेलाचा थेंब टाकला, सवयीने डावीकडे एक खटका दिला. तुमचं यंत्र तेव्हा मिस्त्रींपुढे उघडं पडलं होतं, साहेब. म्हणून तुम्ही इथे आलात."

साहेबांचं हसू मावळलं. "वॉर्डातून तीनदा फोन आले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मला निघायचं होतं. धूसर दिसलं. वाटलं, नसेल काही."

"आणि सोमवारी, मूल गेल्याचं कळल्यावरही गप्प बसलात?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. भावोजींना आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी मुस्कटात मारावीशी वाटली.

वहिनींनी यंत्र, त्याखाली तशीच राहिलेल्या मुलाच्या स्लाइडसकट, बाईपुढे सरकवलं. बाईने नळ्या अठ्ठावन्नवर आणल्या, लेन्सच्या कागदाने चाळीसचं भिंग हलकेच पुसलं, तेलाचा नवा थेंब टाकून शंभरचं फिरवलं आणि डोळे लावले. लगेचच तिने मान वर केली.

"सुटलीस बाई तू," भावोजी म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पहिल्याच नजरेत दिसतायत हो," ती म्हणाली. "सगळीकडे आहेत. दोन मिनिटांचं काम होतं."