सोड्यातलं टरफल

औशाच्या स्टँडवर मी नरसिंगवर खेकसले, तेव्हा त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. दोन हजार सोळाचा मे. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, आणि हा पठ्ठ्या गाड्यावर खुशाल सोडा विकत होता!

"लाज वाटत नाही?"

"लई वाटती. म्हणून तर ह्यो शेवटचा क्रेट हाय." तो हसला. गालाला खळी पडली, त्याचा मला आणखीच राग आला. "तुमी काय करता, म्याडम?"

"लक्षद्वीपला पोवळ्यांचे खडक मोजते. म्हणजे... मोजत होते." पर्समध्ये राजीनामा होता. तो स्टँडवरच्या टपालपेटीत टाकायचा, लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत नोकरी धरायची, विषय संपला.

"का सोडायलात?"

मग मी सगळं त्याच्यावरच काढलं. समुद्र तापला की पोवळं अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. तेच तर त्याला पोसतं. मग ते पांढरंफटक पडतं, उपाशी मरतं. माझ्या डोळ्यांदेखत पोवळी मरत होती!

"आणि तुमच्या सोड्यातला हा गॅस, तोच धुराड्यांतून निघून समुद्रात विरतो. पाणी आंबटाकडे झुकतं. पोवळ्याला चुन्याचं घर बांधणं जड जातं. कळलं?"

"न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "करून बघतो."

तेवढ्यात गाडी आली. रागाच्या भरात राजीनामा टाकायचा राहिलाच.

आठ दिवसांनी तो टाकायला आले, तर नरसिंगनं एक पेला पुढे केला. क्रेट त्यानं विकलाच नव्हता. रोज एक बाटली फोडून अंड्याच्या टरफलाचा, म्हणजे चुन्याचाच, एकच तुकडा त्यात ठेवला होता. बोट लावताच तो चुरला.

लक्षद्वीपच्या तीन वर्षांत घरच्यांनीसुद्धा माझं बोलणं एवढं मनावर घेतलं नव्हतं.

"समुद्र एवढा आंबट होत नाही," मी कशीबशी म्हणाले.

"पर गॅस ओतणं थांबत न्हाई ना?" त्याची नजर पाकिटावर गेली. "हे काय?"

"राजीनामा."

खळी गेली. "मरायलंय म्हणून मोजायचंच सोडता? मग उद्या लोक म्हनतील, तिथं कवा काय होतं? तुमी हितं ऱ्हावं असं मला लई वाटतंय — तरी सांगतो, जावा!"

चिडलेला तो मला इतका आवडला, की मी पाकीट त्याच्याच हातात दिलं. "घाल चुलीत. समुद्र बघितलायस?"

"न्हाई. येतो की... धंदा सावरला की. दोन-तीन वर्षांनी."

"दोन-तीन वर्षांनी?" भर स्टँडवर मी त्याचं मनगट धरलं. "तोवर काय उरणार आहे, नरसिंग? या दिवाळीला लक्षद्वीपला ये. काही पोवळी अजून जिवंत आहेत."